मंडई कोणासाठी मोकळी करायची?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचे पुढे काय करायचे, हा प्रश्न दर काही वर्षांनी उफाळून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, मंडईच्या कुशीत जमिनीखाली स्थानक उघडले आणि जुन्या वादाला नवे निमित्त मिळाले. वादात दोन बाजू ठळकपणे ऐकू येतात. एक बाजू म्हणते की ही दगडी वास्तू शहराचा मानबिंदू आहे, तेव्हा भोवतालचा गराडा उठवा, दर्शनी भाग मोकळा करा, फरसबंदी करा, रात्री दिवे सोडा, म्हणजे लोकांना मनोरा नीट दिसेल. दुसरी बाजू म्हणते की शहराच्या ऐन मध्यात भाजीबाजार भरवण्याचे दिवस संपले. रस्ता रुंद करा, वाहनतळ वाढवा, बाजार हवा तर बाहेर न्या. या दोन बाजू एकमेकींना विरोधक समजतात आणि त्याच आवेशाने भांडतात. पण दोघींच्या मागण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन्हीकडे पहिले काम एकच निघते: मंडईच्या बाहेर बारदान अंथरून बसलेल्या विक्रेत्यांना उठवणे. एकीला ती माणसे वास्तूच्या आड येतात, दुसरीला वाहतुकीच्या. ज्या वादात दोन्ही पक्षांचा पहिला बळी एकच ठरतो, तो वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे, असे समजायला हरकत नाही.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. बाजारचौक जपला गेला की मोडला, हे त्याच्या देखणेपणावरून ठरत नाही आणि त्यातून गाड्या किती वेगाने जातात यावरूनही ठरत नाही. सगळ्यांत कमी भांडवलाच्या माणसाला तिथे बसून माल विकता येतो का, आणि सगळ्यांत कमी पैसे हातात असलेल्या माणसाला तिथे चार जिन्नस घेता येतात का, यावरून ते ठरते. मंडई गेल्या दीडशे वर्षांत वारंवार बदलली आहे. तिच्यातले काही बदल चांगले झाले, काही अन्यायाचे झाले. पुढचे बदलही अटळ आहेत. त्यांना विरोध करण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक बदलाला हीच कसोटी लावली जावी आणि ती कामाला सुरुवात होण्याआधी लावली जावी, एवढाच माझा आग्रह आहे.

मंडई म्हणजे ती दगडी इमारत, हे समीकरण इतके रुळले आहे की इमारतीच्या आधीही मंडई होती, याचा विसर पडतो. १८८६ पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले, १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतले इमले जळून गेले. ज्या दारात एकेकाळी सत्तेचा दरारा होता, त्या दारासमोर मेथी, वांगी आणि कांद्यांचे ढीग लागू लागले. आसपासच्या गावांतून डोक्यावर पाट्या घेऊन आलेले माळी आणि कुणबी तिथे बसत. डोक्यावर छप्पर नव्हते, पावसाळ्यात चिखल होता, उन्हात माल सुकत होता. त्या बाजाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्यात एक गोष्ट होती, जी नंतरच्या कोणत्याही नकाशाला पूर्णपणे साधली नाही: आत येण्याचा अडथळा जवळजवळ नव्हता. टोपलीभर माल असला की माणूस विक्रेता होत असे.

नगरपालिकेने या बाजाराला छप्पर द्यायचे ठरवले. शुक्रवार पेठेत सरदार खासगीवाल्यांच्या बागेची जागा घेण्यात आली, वासुदेव बापूजी कानिटकरांनी इमारत उभी केली आणि ऑक्टोबर १८८६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे फुटणारी दालने, उंच कौलारू छपरे आणि वारा खेळता राहील अशी रचना. बाजाराची इमारत म्हणून ती आजही उत्तम आहे. भर मे महिन्यात दुपारी आत शिरले की तिची किंमत कळते. नाव पडले रे मार्केट. पुढे बराच काळ नगरपालिकेचे कार्यालय याच इमारतीच्या वरच्या भागात होते. खाली भाजी आणि वर कारभार. ही मांडणी मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे, कारण १८८६ मध्ये खरा बदल छपराचा नव्हता. पटांगणातल्या बसण्याचे रूपांतर गाळ्यात झाले, गाळ्याला भाडे आले, भाड्याबरोबर परवाना आला आणि परवान्याबरोबर ‘आतला’ व ‘बाहेरचा’ असा भेद आला. आज आपण ज्याला अतिक्रमण म्हणतो, त्याची हद्द त्या दिवशी आखली गेली.

ही गोष्ट त्याच काळात ज्याने ओळखली, त्याचेच नाव आज त्या इमारतीवर आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याच्या ठरावाविरुद्ध एकट्याने मत देणारे फुले अनेकांना ठाऊक असतात. बाजाराची नवी इमारत बांधण्यावर मोठी रक्कम ओतण्यालाही त्यांनी विरोध केला होता, हे मात्र फार कमी जणांना आठवते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. हा विरोध बाजार न कळणाऱ्या माणसाचा नव्हता. त्यांच्या घरी भाजीचा धंदा होता. ते स्वतः शेती, मालाचा पुरवठा आणि बांधकामाची कंत्राटे यांत मुरलेले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. गाडीभर माळवे घेऊन शहरात येणारा शेतकरी दलालाच्या खोट्या वजनात आणि नगरपालिकेच्या जकातीत कसा नागवला जातो आणि गाडीभाडे पदरचे भरून रिकाम्या हातांनी कसा घरी जातो, हे त्यात त्यांनी दाखवले आहे. बाजार सुधारायचा म्हणजे आधी ही लूट थांबवायची, असा जर कोणाचा हिशेब असेल, तर मनोऱ्यावरचा खर्च त्याला सुधारणा कसा वाटावा?

१९३० च्या दशकाच्या अखेरीस, प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना, रे मार्केटचे नाव महात्मा फुले मंडई झाले. नामांतर योग्यच होते. गव्हर्नरापेक्षा या जागेवर फुल्यांचा हक्क शतपटीने मोठा आहे. परंतु नाव घ्यायचे आणि त्यांनी विचारलेला प्रश्न सोडून द्यायचा, हे चालणार नाही. नगरपालिकेच्या सभेत फुले जे विचारत होते, ते आजच्या कोणत्याही आराखड्याला जसेच्या तसे विचारता येते: हा खर्च कोणाच्या पैशातून होतो आणि त्याचा उपभोग कोण घेतो?

बाजारचौकाचे एक ‘मूळ’, शुद्ध रूप असते आणि नंतरची सगळी त्यावर चढलेली पुटे असतात, ही वारसावाद्यांची धारणाही इथे टिकत नाही. १९२४ मध्ये नगरपालिकेने याच आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभारला, न. चिं. केळकर तेव्हा नगराध्यक्ष होते आणि पुतळ्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. इंग्रज गव्हर्नराच्या नावाच्या बाजारात, इंग्रजांनी मंडालेला धाडलेल्या नेत्याचा पुतळा सार्वजनिक पैशातून उभा राहिला. पुढच्याच वर्षी केशवराव जेध्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याच नगरपालिकेत त्याला कडाडून विरोध झाला आणि ब्राह्मणेतर चळवळीचा मोठा संघर्ष पेटला. चौक ही शहराच्या आपसातल्या हिशेबाची जागा असते. कोणाला मान मिळाला, कोणाला नाकारला, कोण उशिरा आत आला, हे तिथे लिहिले जाते. त्याच आवारात १८९४ पासून मंडईचा शारदा-गजानन बसतो आणि त्याच्या मागे मंडईतल्या व्यापाऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची वर्गणी व मेहनत असते. मंडईच्या कट्ट्यावर चालणाऱ्या राजकीय वादविवादांना पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत आले. यातले कोणते पूट काढून टाकल्यावर ‘मूळ’ मंडई दिसेल? १८८६ चा दगड तेवढा मूळ आणि बाकी सगळे नंतरचे, असे म्हणणे म्हणजे लॉर्ड रे यांच्या उद्घाटनाचा एक दिवस हाच मंडईचा इतिहास मानणे होय.

मंडईतून माणसे आणि माल हलवणे प्रत्येक वेळी अन्यायच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७० च्या दशकात घाऊक व्यापार जुन्या पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. तो जाणे आवश्यक होते. ट्रकमधून येणाऱ्या मालाला पेठांतल्या गल्ल्या पुरत नव्हत्या, आणि शहर पसरत असताना सगळा घाऊक भार मध्यावर ठेवण्यात शेतकऱ्याचेही हित नव्हते. पण त्या स्थलांतराच्या वेळी पुण्यात एक गोष्ट होती, जी आजच्या चर्चेत नाही. ज्यांच्या पाठीवरून तो माल वाहिला जात होता, ते हमाल बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीत संघटित होते आणि हमालांच्या कामाला संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा राज्यात झालेला होता. जागा बदलली तरी त्यांचे काम, मजुरी आणि नोंद हे प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर होते. घाऊक बाजार बाहेर गेला, किरकोळ मंडई जागेवर राहिली, आणि दोन्ही चालल्या. स्थलांतर पेलण्याजोगे करायचे असेल तर ते कोणाशी बोलून करायचे असते, याचे उदाहरण शोधायला पुण्याला परगावी जाण्याची गरज नाही.

आता मंडईत प्रत्यक्ष काय चालते, ते जवळून पाहू. आत गाळेवाले उंच ओट्यांवर मांडी घालून बसतात. भोवती भाज्यांच्या चढत्या उतरंडी, खाली गिऱ्हाईक, वरून पिशवी घेणारा हात. माल निवडलेला असतो, भाव जरा चढा असतो, गिऱ्हाईक ठरलेले असते आणि काही गाळ्यांवर तिसरी-चौथी पिढी बसलेली असते. बाहेर जमिनीवर बसणाऱ्या बाईकडे मात्र दोन-तीनच जिन्नस असतात: अळूच्या पानांच्या जुड्या, लिंबांचे वाटे, कढीपत्ता, कधी करवंदे, कधी शेवग्याची फुले. ती किलोवर विकत नाही, वाट्यावर विकते. गिऱ्हाइकाकडे वीस रुपये असतील तर वीस रुपयांत काय बसते, ते ती बसवून देते. आणि संध्याकाळी सातनंतर तिचा भाव उतरू लागतो, कारण उरलेली पालेभाजी उद्यापर्यंत टिकणार नाही आणि तिच्याजवळ शीतगृह नाही. ज्यांचा दिवसाचा पगार संध्याकाळी हातात पडतो, ती माणसे नेमकी त्याच वेळी बाजारात येतात. हातगाडी ओढणारा, धुणीभांडी आटोपून घरी निघालेली बाई, खोली करून राहणारे विद्यार्थी यांचा स्वयंपाक त्या उतरत्या भावावर उभा आहे. वातानुकूलित दुकानात संध्याकाळी भाजी स्वस्त होत नाही. शिळी होऊ लागली तर ती फेकली जाते. आतली आणि बाहेरची अशा दोन्ही विक्री मिळून मंडई होते. बाहेरची उठवली तर आतली उरेल, पण ती निम्म्या शहराची मंडई असेल.

मोकळ्या मंडईच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत आणि त्यांना बगल देऊन पुढे जाता येत नाही. पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. बुरूड आळी, तुळशीबाग, बाबू गेनू चौक या पट्ट्यात सणाच्या दिवशी आग लागली तर बंब आत शिरेल का, हा प्रश्न भीतीदायक आहे आणि तो विचारणारा माणूस गरिबांचा शत्रू नसतो. पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पदपथ मोकळा हवा असतो, हीसुद्धा न्याय्य मागणी आहे. दुसरा मुद्दा असा की बाहेर बसणारे सगळेच गरीब शेतकरी नसतात. कुठे एकाच माणसाच्या चार पथाऱ्या असतात, कुठे जागा भाड्याने दिलेली असते, आणि जागेवर बसू देण्याबद्दल रोजचे पैसे गोळा करणारेही असतात. तिसरा मुद्दा असा की पेठांतली वस्ती कमी होत आहे, नवी कुटुंबे उपनगरांत आहेत, भाजी फोनवरून घरपोच येते. मग आपण एका ओसरत्या गोष्टीला धरून बसलो नाही का? चौथा मुद्दा वारसावाद्यांचा: त्यांनी आवाज उठवला नसता, तर अशा वास्तू पाडून तिथे काचेचे व्यापारसंकुल कधीच उभे राहिले असते. हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो मान्य नाही.

बंबाच्या वाटेचा मुद्दा घ्या. वाट अडते ती कशाने, याची मोजदाद केल्याशिवाय दोष जमिनीवर बसलेल्या बाईच्या माथी मारला जातो. तिचे बारदान दोन मिनिटांत गुंडाळले जाते. रस्त्याच्या कडेला कुलूप लावून ठेवलेली मोटार दोन मिनिटांत हलत नाही. रस्त्यावर सर्वांत जास्त जागा, सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत कमी मोबदला देऊन कोण व्यापते? उभे राहिलेले खासगी वाहन. आपण त्याला अतिक्रमण म्हणत नाही, कारण ते आपले असते. आणि मेट्रो आणली ती कशासाठी? मध्यवस्तीत गाडी न आणता येता यावे यासाठी, असेच आपल्याला सांगितले गेले. मग स्थानक सुरू झाल्यावर त्याच जागेत वाहनतळ वाढवण्याची मागणी करणे म्हणजे त्या प्रचंड खर्चाचा उद्देशच नाकारणे आहे. स्थानकातून वर येणारा माणूस पायी असतो, त्याच्या हातात पिशवी असू शकते, आणि पायी माणूस हाच पथारीवाल्याचा गिऱ्हाईक असतो. मेट्रोने मंडईला वाचवण्याची संधी आणली आहे. तिच्याबरोबर स्थानकाभोवतीच्या जमिनीवर जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, देण्याचे धोरणही आले आहे, आणि धोका तिथे आहे: जमिनीची किंमत वाढली की भाजी विकणे हा त्या जमिनीचा ‘वाया गेलेला’ उपयोग वाटू लागतो.

पथाऱ्यांच्या मक्तेदारीचा आणि रोजच्या वसुलीचा आरोप खरा आहे. पण ही मक्तेदारी कशातून येते? नोंद नसण्यातून. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला कोणाच्या तरी आश्रयाने बसावे लागते आणि आश्रयाची किंमत मोजावी लागते. उपाय नोंदणीचा आहे. उठवण्याने आश्रयदात्याचा दर तेवढा वाढतो. कारवाईची गाडी येते, माल उचलला जातो, दंड भरून काटा सोडवून आणला जातो आणि तिसऱ्या दिवशी तीच बाई तिथेच बसते, अधिक कर्ज डोक्यावर घेऊन. अशा कारवायांनी चौक मोकळा झाल्याचे कोणी पाहिले आहे का?

बाजार ओसरत असल्याचा मुद्दा तर निरीक्षणाशी जुळत नाही. ज्यांच्या घरी भाजी फोनवरून येते, ती माणसे मंडईला येत नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मध्यवस्तीतली लहान खाणावळ, रस्त्यावरचा वडेवाला, लग्नाच्या पंगतीचा आचारी, आणि ज्यांच्या बोटाला भाजी चाचपून घेण्याची सवय आहे ती सगळी माणसे अजून येतात. वर म्हटल्याप्रमाणे, संध्याकाळचा उतरता भाव कोणत्याही फोनवर मिळत नाही.

वारसावाद्यांचे ऋण मान्य करूनही त्यांना लंडनचे कॉव्हेंट गार्डन दाखवावे लागते. तिथला फळे-भाज्यांचा घाऊक बाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्सला गेला. रस्ते आणि नव्या इमारतींसाठी तो परिसर पाडण्याचा बेत रहिवाशांनी लढून हाणून पाडला, वास्तूंना संरक्षण मिळाले आणि १९८० मध्ये बाजाराची मुख्य इमारत नव्या रूपात खुली झाली. खांब, छप्पर, फरशी सगळे सांभाळले गेले. आत आता पर्यटकांसाठी दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. शेजारच्या माणसाला आठवड्याची भाजी घेण्यासाठी तिथे जाण्याचे कारण उरलेले नाही. पॅरिसने याच्या उलट टोक गाठले. ले आलचा बाजार १९६९ मध्ये रुंजीसला हलवला गेला, १९७१ पासून वास्तुविशारद बाल्तारची लोखंड-काचेची दालने पाडली गेली, शहराच्या पोटात कित्येक वर्षे एक खड्डा उघडा राहिला आणि १९७९ मध्ये तिथे भूमिगत व्यापारसंकुल सुरू झाले, खाली रेल्वेस्थानक आणि वर दुकाने. पाडलेल्या दालनांपैकी एक तेवढे शहराबाहेर नेऊन पुन्हा उभारले आहे. एका शहराने इमारत राखली, दुसऱ्याने पाडली. भाजीवाला दोन्हीकडून गेला. पुण्यातले दोन्ही पक्ष ज्या दोन वाटा दाखवत आहेत, त्या या आहेत.

तिसरी वाट अमेरिकेतल्या सिएटलने १९७१ मध्ये काढली. तिथला पाइक प्लेस बाजार पाडून त्या जागी मोठी बांधकामे करण्याची योजना होती. नागरिकांनी मतदानाने ती फेटाळली आणि बाजाराला ऐतिहासिक क्षेत्र ठरवले. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची व्यवस्था. तिथे नेमलेला आयोग इमारतीच्या रूपाबरोबरच तिच्या वापरावरही नियंत्रण ठेवतो. कोणत्या जागेत कोणता धंदा चालेल, हे तो पाहतो, आणि शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल स्वतः विकण्याला तिथे अग्रक्रम आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही, पर्यटकांची झुंबड तिथेही आहे. तरी वारसा म्हणून वापराचे रक्षण करता येते, हे तिने दाखवून दिले. आपल्याकडे वारसा यादीतल्या इमारतीचा दगड बदलायचा तर परवानगी लागते. त्या इमारतीतला धंदा बदलायचा असेल तर तेवढी काळजी कोण घेते?

आणि यासाठी सिएटलचे नियम उसने आणण्याचीही गरज नाही, कारण आपला कायदा याहून पुढे गेलेला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. गिऱ्हाईक आणि विक्रेते परंपरेने जिथे जमतात, तो ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना कायद्याने मान्य केली आहे. आणि त्याच्या अनुसूचीत असे म्हटले आहे की ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ विक्री करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये. म्हणजे संसदेच्या दृष्टीने जमिनीवर बसणारी बाई हीच वारसा आहे. तिला हटवून वारसा जपण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी हा कायदा वाचावा.

मुंबईच्या एका उदाहरणाची आठवण इथे द्यावीशी वाटते. १८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने शहरात मोठमोठी कामे काढली. त्याच्या नावाचे मार्केट हे त्यांतले एक, आणि पुढे त्यालाही फुल्यांचेच नाव दिले गेले. कामे उपयुक्त होती, पण हिशेब विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्यांना नव्हता. खर्च हाताबाहेर गेला, १८७१ मध्ये करदात्यांनी आंदोलन उभारले आणि १८७२ च्या कायद्याने महापालिकेत निवडून आलेले सभासद बसू लागले. काम चांगले आहे, एवढ्याने ते कोणाला न विचारता करण्याचा अधिकार मिळत नाही, हे शहराने त्या वेळी मान्य करून घेतले. तेव्हा प्रश्न करदात्यांचा होता. आज तो त्यांचा आहे, ज्यांचा कर पावतीवर दिसत नाही, पण ज्यांच्या कष्टावर शहराचे जेवण शिजते.

म्हणून मंडई परिसराचा कोणताही आराखडा पुढे आला, की त्याच्या चित्रांकडे पाहण्याआधी चार गोष्टी मागायला हव्यात. आज आत आणि बाहेर बसणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची, वाट्यावर विकणाऱ्या बाईसकट, जाहीर लावलेली यादी. बांधकाम चालू असताना यातला प्रत्येक जण कुठे बसेल, त्याचा नकाशा, आणि ती जागा गिऱ्हाइकाच्या पायवाटेवर असल्याची खात्री. कारण शहराच्या टोकाला दिलेली पर्यायी जागा म्हणजे धंदा बंद करण्याची नोटीस असते. काम संपल्यावर परत येण्याचा लेखी हक्क, आणि परतल्यावरचे भाडे आजच्या भाड्याशी किती पटीत असेल, हे आकड्यात. आणि खुल्या जागेत दिवसाच्या ठरावीक वेळी गाळ्याविना, रोजच्या नाममात्र पावतीवर बसण्याची सोय, म्हणजे ज्याच्याकडे आज फक्त एक टोपली आहे, तोही उद्या मंडईत येऊ शकेल. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात जी मुभा होती, ती आता छपराखाली आणि स्वच्छ फरशीवर देता येते. आपल्याकडे आज जागा, पैसा आणि कायदा या तिन्ही गोष्टी आहेत. या चार कागदांशिवाय मांडलेला आराखडा, मग तो मनोरा उजळवणारा असो वा रस्ता रुंदावणारा, महापालिकेच्या सभेने चर्चेलाही घेऊ नये.